चिमटीतला साकव

राघोचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्याची बायको हौसा त्याच्याही आधी उठायची, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायची. पण तिच्या उठण्याची वेळ कोणी दिवसात धरत नव्हतं. तीसुद्धा नाही.

चारला उठायचं कारण साधं होतं. राघोचा कांदळपाडा नाल्याच्या एका अंगाला आणि भिवंडीतले कारखाने दुसऱ्या अंगाला. मधे एक लाकडी साकव होता, माणसांपुरता पूल. साकव होता तोवर राघो पाचला उठायचा, नाला ओलांडायचा आणि सातच्या ड्युटीला कापड विणायच्या लूमसमोर उभा असायचा. मग एका पावसाळ्यात नाल्याने साकवाचा मधला तुकडा उचलून खाडीत नेला. दोन्ही काठांना दोन टोकं राहिली, एकमेकांकडे बघत. तेव्हापासून पाड्यातले लूमवाले वर खारबावच्या रस्त्यापर्यंत चालत जायचे, तिथल्या पुलावरून ओलांडायचे आणि तेवढंच परत खाली यायचे. यात तास जायचा. तो तास झोपेतून कापला गेला, कारण दुसरीकडून कापायला जागाच नव्हती.

बारा तास उभ्याने काम करणाऱ्याला तासभर झोप म्हणजे काय, हे बसून काम करणाऱ्याला समजावण्यात अर्थ नाही.

राघो चार लूम सांभाळायचा. चार लूम म्हणजे चार धोटे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर खटाखट. कारखान्यात असे चाळीस लूम. त्या आवाजात माणूस ओरडला तरी शेजारच्याला त्याचं नुसतं तोंड उघडलेलं दिसतं. म्हणून तिथे कोणी ओरडत नाही. तिथे हाताने बोलतात. राघो पहिल्यांदा कामाला लागला, तेव्हा शेजारच्या लूमवरच्या इद्रीसभाईने त्याला आठवडाभरात सगळी बोली शिकवली. पंजा खाली दाबला, लूम बंद कर. मूठ तोंडाशी नेली, चहा. करंगळी दाखवली, माझ्या लूमकडे बघ, मी आलोच. हात टोपीला किंवा कानाला लावला, शेठ आला, बिडी विझव. आणि चिमूट धरून फिरवली, सुताची तार तुटली आहे, सांधतो. तोच हात आधी छातीवर ठेवला तर, तू थांब, मी सांधून देतो.

"ज़बान का काम नहीं यहाँ," इद्रीसभाई म्हणाला होता, तेही दुपारी बाहेर चहाच्या टपरीवर. "ज़बान घर छोड़ के आने का."

राघोने जीभ घरी ठेवली. हळूहळू कानही राहिले कारखान्यात. पंधरा वर्षांनी त्याला जवळचं बोलणं ऐकू यायचं, लांबचं नाही. पण हे त्याला कबूल नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की लोकच हल्ली हळू बोलायला लागलेत. पाड्यातल्या सगळ्या लूमवाल्यांचं हेच मत होतं, आणि ते सगळे हे मत एकमेकांच्या कानाशी मोठ्याने सांगायचे.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. लोकांना पुन्हा सभांची चटक लागली होती. अशात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. पाड्याच्या वाट्याला एक जागा. त्या जागेला दोघे उभे राहिले.

एक तुळशीराम. गवताचा व्यापारी. पेंढ्याच्या गाड्या भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा. उंच, गोरा, खांद्यावर जरीच्या काठाचं उपरणं. तबेल्याच्या कामाला मुंबईत गेला की तो तिथल्या सभा ऐकून यायचा. ऐकून म्हणजे बघून. मोठे वक्ते हात कुठे नेतात, उपरणं कधी सावरतात, पाणी कधी पितात, हे त्याने नीट बघून ठेवलं होतं. सभेच्या आधी तो वज्रेश्वरीला जाऊन गरम कुंडात घसा शेकून आला, असंही पाड्यात बोलत होते. त्याची बायको जानकीबाई सांगायची की तो रोज सकाळी गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून हातवारे करतो आणि म्हैस त्या दिवशी दूध कमी देते.

दुसरा केसरीनाथ. त्याची लाकडाची छोटी वखार होती नाल्याजवळच. बाप होड्या बांधायचा, हा दारं-खिडक्या करायचा. बोलताना त्याचे हात पाठीमागे. एकात एक अडकवून. सुताराला हात मोकळे असले की काहीतरी उचलावंसं वाटतं, म्हणून तो ते बांधूनच ठेवायचा असं लोक म्हणत. आवाज बारीक. डोक्यावर काळी टोपी.

पाड्यात कर्णा भाड्याने आणायचा म्हणजे दोघांना वेगवेगळा आणणं परवडणारं नव्हतं. तेव्हा ठरलं की शुक्रवारी, लूमची सुट्टी असते त्या दिवशी, मारुतीच्या देवळासमोर दोघांनी एकाच सभेत बोलायचं. कर्णा एक, बत्ती एक, सतरंजी एक. आधी एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. समोरासमोर काय तो निकाल.

राघोला एकच ऐकायचं होतं. साकव कोण बांधणार. बाकी दोघांनी काय बोलायचं ते बोलावं.

"कान उघडे ठेवून बसा," हौसा निघताना म्हणाली.

"आं?"

"काय न्हाय. चला."

दिवेलागणीला सभा भरली. बायका देवळाच्या उजव्या हाताला, कर्ण्याखाली. लूमवाले डाव्या हाताला, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. राघोच्या शेजारी सावळाराम, त्याच कारखान्यातला, दोन लूम पलीकडचा. कर्णा सुरू झाला तसा राघोला कानात गांधीलमाशी शिरल्यासारखं झालं. शब्द एकही लागेना. पण बत्ती चांगली होती. माणूस स्पष्ट दिसत होता.

चिठ्ठीत केसरीनाथचं नाव आधी आलं. तो उभा राहिला. हात पाठीमागे.

तो जे बोलला ते सगळं साकवाबद्दल होतं. ते बायकांनी ऐकलं. तो म्हणाला की जुना साकव पाण्याने मोडला नाही, आधीच मोडला होता. मधले खांब आंब्याच्या लाकडाचे होते, ते खारट पाण्यात कुजले. आता ऐनाच्या टणक लाकडाचे खांब घ्यायला हवेत, डांबर चोपडून. भरती-ओहोटी बघून काम करायचं, म्हणजे खड्डे ओहोटीत घ्यायचे. मधल्या खांबाला बाजूने तिरका टेकू द्यायचा, नाहीतर पहिल्याच पुरात परत तेच. टोकं तशीच वापरता येतील, त्याने स्वतः खाली उतरून तासून पाहिलं होतं. लाकूड पंचायतीने द्यावं आणि हात पाड्याने द्यावेत.

एवढं सांगताना त्याचा एक केससुद्धा हलला नाही. डावीकडे लूमवाल्यांना दिसत होता तो एक उभा खांब, ऐनाचा का आंब्याचा कोण जाणे.

"काय बोलतोय?" सावळारामने राघोला कोपराने ढोसलं.

"काय न्हाय बोलत. उभा हाय नुसता."

आणि नेमक्या त्याच वेळी केसरीनाथच्या कानावर डास बसला. खाडीकाठचा डास, तो काही सभा बघून थांबत नाही. केसरीनाथने पाठीमागचा उजवा हात सोडवला आणि कानाला लावला. मग टोपी जरा सरकली म्हणून टोपीलाही लावला.

डावीकडची सगळी बाजू एकदम ताठ झाली. बिड्या धोतराआड गेल्या, पायाखाली विझल्या. जे मांडी घालून बसले होते ते उभे राहिले. आणि सगळ्यांनी मागे वळून बघितलं, शेठ कुठून आला म्हणून.

मागे कोणी नव्हतं. एक बैल होता.

केसरीनाथला दिसलं ते असं, की तो बोलत असताना निम्मी सभा उठली आणि तिने त्याच्याकडे पाठ केली. तो गडबडला. टेकूचा कोन किती हवा हे सांगायचं राहिलं. "तर असं आहे," म्हणाला आणि खाली बसला.

मग तुळशीराम उठला.

तो लगेच बोलला नाही. आधी उपरणं सावरलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पाणी प्यायला. एवढ्यावरच सावळाराम म्हणाला, "माणूस तयारीचा हाय."

मग हात सुरू झाले. राघो पुढे सरकून बसला. असे हात त्याने देवळासमोर कधी बघितले नव्हते. पाण्यासारखे वाहत होते. वर गेले, पसरले, मुठी झाल्या. मधेच मूठ तोंडाशी गेली, तेव्हा सावळाराम म्हणाला, "चहा पण देणार." राघोने त्याला गप्प केलं.

आणि मग ते आलं. तुळशीरामने उजवा हात लांब करून नाल्याकडे बोट दाखवलं. तोच हात छातीवर ठेवला. आणि मग हवेत चिमूट धरली आणि गर्रकन फिरवली.

राघोने हात वाचला. तिकडचं. मी. सांधून देतो.

सावळारामने त्याचं मनगट पकडलं. "पाह्यलंस?"

"पाह्यलं."

"साकव!"

"साकवच की. दुसरं काय तुटलंय तिकडं?"

डावीकडून टाळ्यांचा कडकडाट उठला. तुळशीराम क्षणभर चकित झाला. त्याला एवढ्या टाळ्या तिथे अपेक्षित नव्हत्या. पण टाळी कुठे मिळाली हे विसरणारा वक्ता नसतो. थोड्या वेळाने त्याने तेच परत केलं. बोट, छाती, चिमूट. परत कडकडाट. शेवटी बसण्याआधी तिसऱ्यांदा केलं, या वेळी चिमूट अशी फिरवली की उपरणं खांद्यावरून पडलं. लूमवाले उभे राहिले. दोघातिघांनी शिट्ट्या मारल्या.

उजवीकडे बायका एकमेकींकडे बघत होत्या.

घरी जाताना हौसाने विचारलं, "एवढ्या टाळ्या कशापायी पिटल्या?" ती त्याच्या उजव्या कानाशी चालत होती. तो कान बरा होता.

"साकव देणार म्हणाला ना."

"कोण?"

"तुळशीरामशेट."

हौसा थांबली. "अवो, त्यानं साकवाचा स पण न्हाय काढला."

"तीन वेळा बोलला."

"मी कर्ण्याखाली बसलेली. तो म्हणाला, ती बघा तिकडं केसरीनाथची वखार. म्हणाला, ह्या छातीत दम हाय. म्हणाला, असल्या विरोधकाला मी असा चिमटीत धरून चुरगळीन. यवढंच. तीन वेळा यवढंच. आनि साकवाचं बोलले ते केसरीनाथच, आपले नाथाभाऊ. समदं बोलले. खांब कसले, टेकू कुठं, समदं."

"तो कुठं बोलला? तो तर शेठ आला म्हणाला. शेठ न्हवता पण."

हौसाने कपाळाला हात लावला. राघोने तो हात नीट बघितला, पण त्या हाताला कारखान्यात काही अर्थ नव्हता.

"तुमी कानानं ऐका जरा," ती म्हणाली.

"कानानं ऐकून काय? तोंड काय पण बोलतं. हात खोटा बोलत न्हाय. आमच्याकडं खोटा हात केला तर कापडात भोक पडतं."

मतदान झालं. राघोने तुळशीरामला मत दिलं, हौसाने केसरीनाथला, आणि दोघांनी एकमेकांना ते सांगितलं. तुळशीराम निवडून आला. पाड्यात लूमवाली घरं जास्त होती.

मग लूमवाले वाट बघू लागले. तुळशीराम पंचायतीत जायचा, यायचा. गळ्यात हार घालून एक फोटो काढून आला. साकवाची दोन टोकं आहेत तशीच एकमेकांकडे बघत होती. राघो चारला उठत होता. आता चार वाजता तो उठून काही वेळ नुसता बसायचा. हौसा चुलीपुढे, तो भिंतीला टेकून, दोघांच्याही डोळ्यांत झोप. लूमवर उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला आणि एका लूममध्ये धोटा अडकला तेव्हा तारा तुटल्या हातभर. मुकादमाने बघितलं आणि बोट उचललं. त्या बोटाचा अर्थ सगळ्यांना कळायचा. परत झालं तर घरी.

त्या शुक्रवारी लूमवाले तुळशीरामच्या ओट्यावर गेले. बायकाही मागोमाग गेल्या, मजा बघायला. हौसा पण.

तुळशीराम झोपाळ्यावर बसला होता. "या, या. काय काम काढलंत?"

राघो पुढे झाला. तो मोठ्याने बोलायचा, सगळेच लूमवाले मोठ्याने बोलायचे, त्यामुळे मागणी भांडणासारखी वाटली. "साकव कधी?"

"कसला साकव?"

"तुमी बोलला तो."

"मी?" तुळशीराम हसला. "अरे राघो, मी साकवाचं कधी बोललो?"

राघोने बोट नाल्याकडे केलं. हात छातीवर ठेवला. चिमूट फिरवली. मागे सावळारामने तेच केलं. त्याच्या मागे सगळ्यांनी केलं. ओट्यासमोर वीस-बावीस चिमट्या एकदम फिरल्या.

तुळशीरामला काही कळेना. मग त्याला सांगण्यात आलं की कारखान्यात याचा अर्थ काय. ते सांगायला बराच वेळ लागला, कारण सगळे एकदम सांगत होते.

"अरे देवा," तुळशीराम म्हणाला. "तसं नव्हतं ते! ते भाषणातलं होतं!" त्याने दोन्ही पंजे खाली दाबून लोकांना शांत व्हायची खूण केली.

"बंद करा म्हणतोय," सावळाराम ओरडला. "काम सुरू व्हायच्या आधीच बंद!"

"नाही, नाही! बंद नाही!" तुळशीरामने मूठ आवळून तोंडाशी नेली, खोकला आला म्हणून.

"चहा नको आमाला. साकव पायजे."

जानकीबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, हात खाली ठेवा आधी. जेवढे हलवाल तेवढं वाढतंय."

तुळशीरामने हात मांड्यांखाली दाबून धरले आणि त्यांच्यावर बसला. मग बोलायला तोंड उघडलं. पण हात दाबलेले असल्यावर त्याला शब्दच सापडेनात. "म्हणजे... मला असं म्हणायचंय... की..." एवढंच तो तीनदा म्हणाला. केसरीनाथसुद्धा याहून बरा बोलला होता.

मग त्याला बायका दिसल्या. त्यात हौसा दिसली. हौसा कर्ण्याखाली बसली होती हे त्याला आठवत होतं. आणि हौसा खोटं बोलत नाही हे पाड्याला माहीत होतं.

"हौसावैनी," तो म्हणाला, "तुम्ही तर ऐकलंत माझं भाषण. कानांनी. ह्यांच्यासारखं नाही. सांगा सगळ्यांना. मी साकवाचं बोललो होतो का?"

सगळे हौसाकडे वळले. राघोने प्रश्न ऐकला नव्हता, पण सगळे बायकोकडे का बघतायत हे त्याला कळलं. महिनाभर ती त्याला रोज तेच सांगत होती, बोलला न्हाय, बोलला न्हाय. आता ती तेच सगळ्यांसमोर सांगणार. साकव गेला. आणि वर पाड्यात हसं होणार ते वेगळं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

हौसाने पदर खोचला. पहाटे पेटवलेल्या चुलीचा धूर अजून तिच्या डोळ्यांत होता.

"तुळशीरामशेट," ती म्हणाली, "तुमी त्या दिशी लय बोललात. मी समदं ऐकलं. पण खरं सांगू का, त्यातलं मला आता काय पण आठवत न्हाय."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काय न्हाय. कोनाला आठवत असंल तर सांगा गं बायानो." बायका गप्प. "आठवतात ते तुमचे हात तेवढे. ते मात्र समद्या पाड्याला आठवतात. आनि हात तर हेच म्हणत व्हते ना, आत्ता समद्यांनी करून दावलं."

जानकीबाई दारात तोंडाला पदर लावून हसली. मग सगळ्याच बायका हसल्या.

तुळशीरामला दोन वाटा होत्या. एक, सांगायचं की मला केसरीनाथला चुरगळायचं होतं. पण समोर केसरीनाथचे भाऊबंद उभे होते. दुसरी, सांगायचं की माझ्या भाषणाला काही अर्थच नव्हता. ते तर कुठलाच वक्ता सांगत नाही. मग हात मांड्यांखालून काढले, उपरणं सावरलं आणि उभा राहिला.

"तुळशीराम बोलला म्हणजे बोलला," तो म्हणाला. "साकव होणार."

टाळ्या पडल्या. त्याला बरं वाटलं.

पण साकव कसा होतो हे त्याला माहीत नव्हतं. गवत बांधायचं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो वखारीत गेला. केसरीनाथ रंधा मारत होता. तुळशीरामने विचारलं, आणि केसरीनाथने हात पाठीमागे बांधून सभेतलं भाषण पहिल्यापासून सांगितलं. आंब्याचे खांब, ऐनाचे खांब, डांबर, ओहोटी. या वेळी टेकूचा कोनही सांगितला.

"हे तू सभेत का नाही बोललास?" तुळशीरामने विचारलं.

केसरीनाथने रंधा उचलला आणि पुन्हा कामाला लागला.

पंचायतीतून लाकूड आणण्याचं काम तुळशीरामने चोख केलं, हे कबूल करायला हवं. तिथे मोठ्याने बोलणारा माणूस लागतोच. तो तिथे टेबलासमोर उभा राहिला, हात पसरले आणि ऐनाचे खांब घेऊन आला. केसरीनाथ गेला असता तर "तर असं आहे" म्हणून परत आला असता.

काम शुक्रवारी चालायचं. ओहोटीची वेळ बघून लूमवाले चिखलात उतरायचे. खाडीचा चिखल असा असतो की पाय आत जातो तो एकटा आणि बाहेर काढायला दोघे लागतात. खड्डा घेतला की तो तुमच्यासमोर भरतो. म्हणून खणताना थांबायचं नाही. केसरीनाथ कमरेपर्यंत आत उभा राहायचा, ओळंबा धरून. राघोने मधल्या खांबाचा खड्डा घेतला. तो खड्डा सगळ्यात वाईट होता आणि तोच त्याने मागून घेतला. सहा दिवस लूमवर आणि सातव्या दिवशी चिखलात, अशी ती पंधरा-वीस आठवडे रीत होती. सगळ्यांनी सारखं काम केलं असं म्हणणार नाही. सावळारामने जास्त चहा आणला आणि कमी खणलं.

तुळशीराम काठावर उभा राहून सूचना द्यायचा. पहिल्या शुक्रवारी त्याने खांब खाली दाबा अशी पंज्याने खूण केली. सगळ्यांनी हातातलं सोडलं आणि काम थांबलं. खांब आडवा झाला. तेव्हा केसरीनाथ, जो कधी कोणाला बोलत नसे, खालून ओरडला, "शेट, हात पाठीमागे बांधा!"

तुळशीरामने बांधले. पुढचं सगळं काम त्याने हात पाठीमागे बांधून बघितलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काठावर केसरीनाथच उभा आहे.

पावसाआधी साकव झाला. पाड्याने त्याला नाव दिलं, तुळशीरामचा साकव. तुळशीराम पहिल्यांदा त्यावरून चालत गेला, मधोमध थांबला, आणि चिमूट फिरवली. लूमवाल्यांनी टाळ्या पिटल्या. केसरीनाथ खाली टेकूला खिळा ठोकत होता. हौसा एकटी त्या साकवाला नाथाभाऊंचा म्हणायची, आणि तेही फक्त राघोच्या बऱ्या कानाशी.

"पण बोलला कोण?" राघो विचारायचा.

"बोलले नाथाभाऊ."

"दिसला न्हाय बोलताना."

यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही.

आता पाचला उठलं तरी चालणार होतं. पण शरीराला ते कोण सांगणार. राघो चारलाच जागा व्हायचा आणि अंधारात पडून राहायचा, झोपलं तर सहा वाजतील या भीतीने. एकदा खरंच झोपला, तेव्हा सहा वाजले. हौसाही तशीच. साकव असूनही दोघांचा तास परत आला नव्हता. तो तास नुसताच जागा पडून होता.

पगाराच्या दिवशी राघो इद्रीसभाईला घेऊन बाजारातल्या घड्याळवाल्याकडे गेला. गजराचं घड्याळ दाखव म्हणाला. दुकानदाराने किल्ली दिली, काटा लावला, गजर वाजवला. राघो तसाच उभा.

"वाजत न्हाय," तो म्हणाला.

दुकानदाराने दुसरं काढलं. तेही वाजवलं. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघू लागली. राघोने मान हलवली. "हे पण बंद हाय."

इद्रीसभाईने घड्याळ उचललं आणि राघोच्या तळहातावर ठेवलं. राघोच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. लूमच्या लाकडावर हात ठेवला की आतलं सगळं कळतं, तसंच. घड्याळ तळहातात जिवंत माशासारखं थडथडत होतं.

"चलता है," इद्रीसभाई म्हणाला, आणि मग, सवयीने, हातानेही सांगितलं.

एवढ्या वर्षांच्या पगारात घर चाललं, पोरीचं लग्न झालं, आईचं दुखणं निघालं. स्वतःच्या नावाने राघोने त्यातून घेतलेली पहिली वस्तू ती. उशीखाली ठेवायचा. पाचला ते घड्याळ उशीत थरथरायचं आणि तो उठायचा. हौसाला मात्र ते वाजलेलं ऐकू यायचं. चूल आता पाचला पेटायची. त्याच्या आधी नाही.